यंत्रावर ठेवायचं की घरी न्यायचं

आवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावली की अंथरुणावर पडल्यावर कंबर आपली आहे असं वाटायचं नाही. म्हणून पहाटे पोटात कळ आली तेव्हा मी ती श्रमाचीच समजले. उठून चूल पेटवली, चहा ठेवला. पहिला घोट घशाखाली उतरेना, नाकातून परत आला. सासू दाराशी बसून बकरीला पाला घालत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळे उघड की. झोपेत रोपं उलटी लावशील."

मी डोळे उघडायलाच बघत होते. पापण्या वर जात नव्हत्या.

सासूला मी आत्या म्हणायचे. लग्न होऊन पोशेऱ्याजवळच्या या पाड्यात आले तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे आत्यानं बोलायचं आणि मी मान हलवायची. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही, अजूनही जमत नाही. त्या सकाळी मला खरोखर बोलायचं होतं तर जीभ जड झाली होती. "आत्या, मला" एवढं म्हणायला गेले, त्याचं नुसतं घशातलं गुरगुरणं झालं. तिनं पाला खाली टाकला, माझी हनुवटी धरली आणि बोटानं पापणी वर करून पाहिलं. मग माझ्या नवऱ्याला हाक मारली. मोठा दीर भगताला आणायला निघाला होता. आत्या म्हणाली, "भगत राहू दे. जीप बघ."

मला तेवढ्यातही नवल वाटलं. भगताला विचारल्याशिवाय आत्या साध्या तापालाही दवाखान्याचं नाव काढायची नाही.

चादरीची झोळी करून मला रस्त्यापर्यंत आणलं. जव्हारच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझी मान एका बाजूला पडली होती. डॉक्टरांनी अंगावर चावल्याची खूण शोधली, सापडली नाही. तरी ते म्हणाले, "मण्यार असणार. अंथरुणात शिरून चावतो, कळतही नाही." विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. पण माझी छाती हलणं कमी होत गेलं. हे मला सगळं कळत होतं. श्वास घ्यायचा आहे हे डोक्याला ठाऊक होतं, छातीला ते काम येईनासं झालं होतं. डॉक्टरांनी नळी घातली, तिला रबरी फुगा लावला आणि फुगा दाबून दाबून मला हवा दिली. ते म्हणाले, "हिला श्वासाचं यंत्र लागेल. ते इथं नाही, नाशिकला न्या."

नाशिकपर्यंत अॅम्बुलन्समध्ये सोबतच्या सिस्टरनं तो फुगा हातानंच दाबला. मोखाड्याच्या अलीकडे सिस्टरचे हात भरून आले. ती आत्याला म्हणाली, "आजी, तुम्ही दाबाल का थोडा वेळ? मी सांगते तसं."

आत्यानं फुगा घेतला. डोळे मिटलेले असले तरी हात बदलल्याचं मला लगेच कळलं, कारण हवा भसाभस यायला लागली.

"हळू, आजी. भात कांडायचा नाही."

"मग कसं?"

"तुम्ही स्वतः श्वास घेता तसं. तुमचा आत, तिचा आत."

त्यानंतर आत्या माझ्यासाठी श्वास घेत होती. त्र्यंबकचा घाट संपेपर्यंत तिनं तो फुगा परत दिला नाही. सिस्टर मागत होती तरी नाही.

नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मला यंत्राला जोडलं. त्या खोलीला अतिदक्षता म्हणतात हे मी पुढे वाचलं. सगळे आयसीयू म्हणायचे, आणि आत्या शेवटपर्यंत "गार खोली" म्हणायची. तिथं मी काय सोसलं ते कोणाला सांगितलेलं नाही. हे लिहून ठेवते आहे ते दाखवायला नाही, म्हणून इथं लिहिते.

माझं बोटसुद्धा हलत नव्हतं आणि कान पूर्ण जागे होते. यंत्र हवा आत ढकलायचं आणि थांबायचं. ते थांबलं की वाटायचं आता विसरलं. घशातला कफ ओढायला नळी घालायचे, तेव्हा पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं आणि मला खोकताही यायचं नाही. तहान लागायची. तोंडात नळी आणि तहान, ही गोष्ट ज्यानं भोगली त्यालाच कळेल. पण त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. अंगावर एका चादरीशिवाय काही नव्हतं. नदीवर बायकांतसुद्धा मी लुगडं लावून अंघोळ करणारी. इथं लघवीची नळी लावली, कुशीवर वळवलं, पुसलं, बोलत बोलत, जशी मी तिथं नव्हतेच. पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं, मेले असते तर ही लाज तरी गेली असती.

मग दुसरी एक सिस्टर आली. तिचं तोंड मी पुढे पाहिलं, आधी तिचा आवाज ओळखीचा झाला. ती आधी पडदा ओढायची. त्याच्या कड्यांचा आवाज यायचा. मग सांगायची, "ताई, आता पाठ पुसते हं. पाणी कोमट आहे." कफ ओढायच्या आधी सांगायची, "आता त्रास होईल, थोडाच वेळ." दुसरी कोणी तिला म्हणाली, "कोणाशी बोलतेस गं?" ती म्हणाली, "हिच्याशी. मण्यारवाल्यांना सगळं कळतं." त्रास तेवढाच व्हायचा, पण तो माझ्याशी बोलून व्हायचा. मी पुन्हा माणूस झाले ते त्या पडद्याच्या कड्यांच्या आवाजानं.

आत्याला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडत. तिला अंगावर हिरवा झगा घालायला लावत. पहिल्यांदा आत आली तेव्हा म्हणाली, "मला नवरी केलीय यांनी. डोळे उघड, बघशील." मग माझ्या उशाशी तिचा श्वास ऐकू आला, घाटात ऐकला होता तसा. पुढे ती रोज बोलायची, नवरा घरून येऊन-जाऊन सांगायचा ते. बकरी व्याली, दोन पाटी, म्हणजे मादी पिल्लं, झाल्या. नवऱ्यानं पोरांसाठी भाकरी केली, ती पोरांनी कुत्र्याला घातली, कुत्र्यानं मांजराला ठेवली. मधेच म्हणायची, "ऐकतीस ना? तशी तू आधी तरी कुठं बोलत होतीस. मला काय फरक कळत नाही." सिस्टर हसायची. मला हसता येत नव्हतं, पण आत कुठं तरी मी हसायचे.

माझ्या बाजूच्या खाटेवर एक म्हातारेबुवा होते. त्यांचाही श्वास यंत्रावर होता. एका दुपारी डॉक्टरीण बाई त्यांच्या मुलांशी बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मेंदूत रक्तस्राव झालाय. यंत्रानं श्वास चालेल, पण बाबा परत येणार नाहीत. तुम्ही घरी नेलंत तर चुकीचं करताय असं मनात आणू नका." मुलं रडली, मग घेऊन गेली. संध्याकाळी त्या खाटेवरून यंत्राचा आवाज येत नव्हता. मी घाबरले. आता पाळी माझी असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोठा दीर आला. सोबत माझा नवरा होता. दीर ठाण्याकडे बांधकामावर जाऊन आलेला, शहराच्या दवाखान्यांना बुजत नसे. त्यानं येताना जीप आणली होती, फाटकाशी उभी होती. हे सगळं मी त्याच्याच तोंडून ऐकलं. तो माझ्या पायाशी उभा राहून आत्याशी बोलत होता.

"आये, हिला घरी नेऊ."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आज जीपवाला येतोय कारण हिचा श्वास चालू हाय. श्वास गेला की कोणी जीप देत नाय. ठाण्याला आपला माणूस मेला तेव्हा काय झालं ते मी बघितलंय. शेवटी टेम्पोत वीट भरतात तशी भरून आणली बॉडी, आणि तो टेम्पोवाला मोखाड्यालाच थांबला. पुढं खांद्यावर. हिचं तसं नको. तिची पोरं तिला बघतील, पाडा बघंल, आपल्या मातीत जाईल."

दीर वाईट माणूस नव्हता. हे लिहिताना मला ते नीट लिहायचं आहे. माझं त्यानं वाईट चिंतलं नव्हतं. आमच्याकडे सगळे असंच करतात. माणूस जाणार असं दिसलं की धुगधुगी असतानाच घरी नेतात, कारण नंतर नेता येत नाही. आणि दिसायला मी गेलेलीच होते.

"आणि आवणी?" तो म्हणाला. "राबात वाढवलेलं रोप लावायच्या आधीच म्हातारं व्हायला लागलंय. हा हेलपाटे घालतोय, तू इथं बसलीस. वर्षाचं खायचं काय?"

 नवऱ्यानं माझा अंगठा हातात धरला होता. मी सगळा जीव त्या अंगठ्यात आणायला बघितला. एकदा हलला तरी पुरे होतं. तो हलला नाही.

डॉक्टरीण बाई आल्या. दिरानं विचारलं, "बाई, खरं सांगा. मशीन काढली तर?"

"आत्ता काढलं तर ती जाईल."

"म्हणजे गेलेलीच हाय ना. मशीन तेवढी चालतीय. बाजूच्या म्हाताऱ्याला तुम्हीच घरी न्या बोललात."

"त्यांचं वेगळं होतं," बाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण चिडलेला नव्हता. "त्यांना यंत्रानं काही मिळणार नव्हतं, नुसतं लांबलं असतं. हिचा मेंदू चांगला आहे. विषानं फक्त स्नायू झोपवलेत. विष उतरलं की ती स्वतः श्वास घेईल. तोवर कोणी तरी तिच्यासाठी घ्यायला पाहिजे, एवढंच यंत्राचं काम आहे."

"कधी उतरंल?"

"तारीख सांगता येणार नाही. आणि मी तुम्हाला फसवणार नाही. यंत्रावर जास्त दिवस राहिली तर छातीत पू होऊ शकतो. गळ्याला भोक पाडावं लागेल कदाचित. त्यातही माणूस जातो."

मग आत्या बोलली. आत्या डॉक्टरांनाही अगं-तुगं करायची, आमच्या बोलीत मोठ्यांना वेगळं बोलतच नाहीत.

"बाई, तू मला सांग. उठली तर लुळी उठंल का?"

"नाही. उठली तर पहिल्यासारखी उठेल. थोडे दिवस अशक्त राहील."

"तिला आता ऐकू येतं? का ती सिस्टर मला बरं वाटावं म्हणून बोलती?"

"बहुतेक सगळं ऐकू येतं. डोळे उघडता येत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं बेशुद्ध आहे."

आत्या माझ्या उशाशी सरकली.  मग म्हणाली, "माझी पोरगी अशीच पडली होती. लग्नाची झाली होती. पहाटे पोटात कळ, मग पापण्या पडल्या. आम्ही भगताकडे नेली. तो बोलला, गेली. अंग गरम होतं तरी तो बोलला गेली, आणि आम्हीपण बोललो गेली. मग तिला ऐकू येत होतं का गं?"

लग्न होऊन आल्यापासून एक नणंद लग्नाआधी गेली एवढंच मला ठाऊक होतं. कशानं गेली ते कोणी बोलत नसे. दिराचे पाय खाटेपासून दूर गेले, तो दाराकडे गेला असावा. ती त्याच्या पाठची बहीण.

 डॉक्टरीण बाई खोटं बोलल्या असत्या तर आम्हाला कोणाला कळलं नसतं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला येत असेल, आजी. पण यंत्राशिवाय असा श्वास फार वेळ चालत नाही. तुमच्या भागात तेव्हा यंत्र कुठं होतं? तुम्ही तिला कुठंही नेली असतीत तरी ती वाचली नसती. हिच्या नशिबानं आता आहे."

"म्हणजे हिला आता उचललं तर माझ्या पोरीसारखंच."

"हो."

"आणि ठेवली तर वाचंल का मरंल ते ठाऊक नाय."

"नाही. पण मी तुमच्या जागी असते तर ठेवलं असतं."

आत्या म्हणाली, "ठेवायची." मग दिराला हाक मारून म्हणाली, "जीपवाल्याला जाऊ दे. आणि वरच्या खाचरापुरतं ठेवून बाकीचं राबातलं रोप पाड्यात ज्याला कमी पडतंय त्याला देऊन टाक. म्हातारं करून काय करायचं. वरचं खाचर आपली माणसं लावतील तेवढं लावतील, खालचं पडू दे."

"वर्षभर विकतचा तांदूळ?"

"नागली हाय की. पोरं तांदळानंच जगतात का?"

दीर जीपवाल्याला सांगायला गेला. थोड्या वेळानं बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला की नाही ते मला आता नक्की सांगता येणार नाही. मला तो ऐकल्यासारखा आठवतो.

मी आजही विचार करते. माझा अंगठा हलला नव्हता. मी जिवंत आहे असं आत्याला दाखवता येईल असं एकही चिन्ह माझ्याकडे नव्हतं. एका थकलेल्या बाईच्या शब्दावर तिनं एक खाचर आणि एका पोराची नाराजी पणाला लावली. तेही बोलायला न येणाऱ्या सुनेसाठी. जिथं नफा होईल की नाही ठाऊक नाही तिथं मोठमोठी माणसं मागं सरतात. ती सरली नाही. तिनं विचारून विचारून घेतलं, वाईट काय होईल तेही विचारलं, आणि मग ठरवलं. नंतर एकदाही ठरवलेलं मोजत बसली नाही.

छातीत पू झाला. ताप चढला, थंडी वाजायची आणि अंग थरथरायलाही तयार नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी औषध बदललं. गळ्याला भोक पाडायची वेळ आली होती, त्याच्या आदल्या दिवशी डाव्या हाताचं एक बोट वाकलं. त्या पडदा ओढणाऱ्या सिस्टरनं ते बघितलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "परत करा बघू." मी केलं. ती पळत गेली. मग पापण्यांच्या फटीतून उजेड आला. मला पहिल्यांदा दिसलं ते आत्याचं नाक, खालून, हिरव्या झग्याच्या वर. ती म्हणाली, "बघ, नवरी दिसते का?"

यंत्र एकदम काढत नाहीत. थोडा वेळ काढायचं, दम लागला की पुन्हा लावायचं. स्वतःचा श्वास घेणं एवढं कष्टाचं काम असतं हे मला तेव्हा कळलं. आवणी त्यापुढे सोपी. नळी निघाली तेव्हा घसा सोलून निघाला होता, आवाज निघेना. डॉक्टरीण बाईंनी चमच्यानं पाणी पाजलं, आणि मी गिळलेलं बघून त्या खिडकीकडे वळल्या. मला वाटतं त्या रडत होत्या. दुसऱ्या पेशंटला हाक मारली तेव्हा आवाज पहिल्यासारखाच होता.

घरी आले तेव्हा वरचं खाचर हिरवं होतं. पाड्यातल्या बायकांनी आपापलं सोडून ते लावलं होतं, ओळी थोड्या वाकड्या होत्या. खालच्या खाचरात नुसतं पाणी आणि गवत. दीर रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचा आणि माझ्याकडे न बघता पोरांना विचारायचा, "आईनं जेवण केलं का?" त्यानं दोन पोती तांदूळ घरात आणून टाकला.

मला काम करू देत नव्हते. आत्या बेणणी करायची, म्हणजे भातातलं गवत उपटायची, आणि मी बांधावर बसून राहायचे. एक दिवस ती वाकलेली असतानाच म्हणाली, "तुला विचारायचं होतं. तिथं विचारलं नाय."

मी मान हलवली.

"सगळं ऐकू येत होतं?"

"हो."

"जीपचंबी?"

"हो."

तिनं गवताची मूठ बांधावर टाकली. "भीती वाटत होती का?"

ती माझ्याबद्दल विचारत नव्हती हे मला कळलं. खरं सांगायचं तर भीती पुष्कळ वाटत होती. पण आणखी एक खरं होतं, आणि मला तेच बोलावंसं वाटलं. मला एवढं लांब बोलायची सवय नव्हती, म्हणून मी शब्द शोधून शोधून बोलले. "कोणी नसलं की वाटायची. तू आत आलीस की कमी व्हायची. काय बोलतेस त्यानं नाही, आवाजानं."

आत्या उभी राहिली. कमरेवर हात ठेवून खालच्या पडलेल्या खाचराकडे बघत राहिली.

"मी तिच्याशी काय बोलले नाय," ती म्हणाली. "मांडीवर घेऊन नुसती रडत होते."

"ते तिला ऐकू आलं असेल."

"आलं असेल?"

"आई रडतेय हे कळलं असेल. ती एकटी नव्हती."

 आत्यानं पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "मग बरं," आणि वाकून पुढच्या ओळीला लागली.